सात नंबरच्या आजी

रुग्णालयाचं वायफाय कितपत सुरक्षित आहे, हे तपासायला शर्वाणीला बोलावलं होतं. पण उपकरणांना वायफायवरून तोडू पाहणारे चाचणीचे संदेश, म्हणजे पॅकेटं, तिच्या लॅपटॉपमधून बाहेरच पडेनात. दोष लॅपटॉपचं वायफाय चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा होता. तिसऱ्या दुपारी तिने तो बदलला आणि पॅकेटं सुटली. पडद्यावर खाटांजवळचा, नाडी-श्वास मोजणारा एकेक मॉनिटर नेटवर्कवरून तुटू लागला, तशी ती सुखावली.

"हे रिकाम्या वॉर्डातलेच ना?" तिने मग विचारलं.

"हो, तिथलेच," आयटीप्रमुख केणी म्हणाले.

वीस मिनिटांनी आयसीयूतली नर्स धापा टाकत आली. "मॉनिटरचा अलार्म आमच्या टेबलावर आलाच नाही. सात नंबरच्या आजी गेल्या."

नर्स परतल्यावर केणींनी दार लोटलं. "मॅडम, चाचणी झालीच नाही, असं लिहा."

शर्वाणीने अहवाल उघडला. आधी पॅकेटं सोडल्याची वेळ लिहिली, मग स्वतःचं नाव.