पुढच्या वळणावरची कुत्री

बाबा गेल्यावरही ती रोज सकाळी त्यांच्याच वाटेने पळायची. शेतं, मग छोटंसं गाव, मग घर. तेवढाच त्यांचा सहवास उरला होता.

हल्ली ती गावात पोचायच्या आधीच कुत्री भुंकून दमलेली असत.

“ताई, रोज पुढं कुणाला पाठवता?” दूधवाल्याने हसत विचारलं. “तुमच्यावर भुंकायला त्यांच्यात दमच उरत नाही!”

तीही हसली. वळणापलीकडे भुंकणं सुरूच होतं. बाबा असेच पुढे पळायचे, आणि ती मागे पडली की तिला न्यायला परत यायचे.

ती मुद्दाम थांबली.

भुंकणंही थांबलं. मग एकेका फाटकामागून ते तिच्याकडे परत येऊ लागलं.

“बाबा?” तिचे डोळे भरून आले.

शेजारच्या फाटकातलं कुत्रं जीव तोडून भुंकू लागलं, तेव्हा तिला आठवलं. बाबांवर या गावातलं एकही कुत्रं कधी भुंकलं नव्हतं.