एकाच पत्त्यावर दोघं

केतकीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. सेटिंग सगळं बरोबर, तरी तिच्या व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे सर्व्हरवरच्या आभासी संगणकाचं, नेटवर्क यायचं आणि लगेच जायचं. चार वाजता डेमो होता.

तिनं नेटवर्क पुन्हा सुरू केलं. आलं! पाठीमागे हृषीकेश करवादला, “च्यायला, माझं गेलं!” त्यानं खटपट केली आणि हिचं गेलं.

बढतीवरून बिनसल्यापासून दोघं पाठीला पाठ लावून बसत, बोलत नसत. एकाच जुन्या मशीनची सेटिंगसकट नक्कलही त्यांनी एकमेकांना न विचारता काढली होती.

शेवटी तिनंच खुर्ची वळवली. “ऐक ना, तुझा आयपी पत्ता काय आहे?”

त्यानं सांगितला. हुबेहूब तिचाच. एका पत्त्यावर नेटवर्क एका वेळी एकालाच मिळत होतं.

“थांब, मी बदलते.”

“राहू दे, मीच बदलतो.”

ऐकलं कुणीच नाही. दोघांनीही सवयीनं पत्त्यात पुढचाच आकडा टाकला.

हिचं आलं. त्याचं गेलं.

या वेळी दोन्ही खुर्च्या एकदमच वळल्या.