लिनक्सवरची शर्यत

"आंटीजी, लिनक्स पे गेम नहीं चलेगा," दतिया गेट बाजारातला कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, तरी माधुरी जॉयस्टिक घेऊनच आली. घरी लेकाच्या जुन्या, लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर तिनं स्टीम हे ऑनलाइन गेमचं ॲप बसवायला घेतलं. पुण्याला गेलेला आशुतोष रोज संध्याकाळी स्टीमवर गाड्यांची शर्यत खेळायचा. वडिलांशी, सुभाषरावांशी, बोलणं मात्र दिवाळीपासून बंद होतं. माधुरीनं पासवर्ड टाइप केला, पण पडद्यावर एकही अक्षर उमटेना. "कीबोर्ड गेला वाटतं," सुभाषराव मागून म्हणाले. "अहो, इथं दिसत नाही, पण पोचतं," म्हणत तिनं एंटर दाबलं. स्टीम खरोखरच उघडलं. "वाह, बाईसाहेब!" सुभाषराव उद्गारले. आशुतोषच्या शर्यतीत 'बाबा' असं नाव घालून तिनं जॉयस्टिक त्यांच्या हातात दिली. त्यांची गाडी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकली. जिंकत आलेली आशुतोषची लाल गाडी थांबली, मागे वळली आणि त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली.