गाडी पुढे घ्या

नवा नियम आला होता. विमानतळाच्या दारासमोर दोन मिनिटांच्या वर गाडी थांबवायची नाही. गार्ड परसराम दिवसभर शिट्टी फुंकून लोकांच्या गळाभेटी सोडवायचा. "चला, गाडी पुढे घ्या! मागं लाईन लागून राहिली!" संध्याकाळपर्यंत घसा बसायचा, पाय सुजायचे.

आज सुट्टी टाकून तो आपल्या गावी, लाखनीच्या बस स्टँडवर आला होता. त्याची पोरगी खुशबू पहिल्यांदाच घर सोडून पुण्याला नोकरीवर निघाली होती. ती रडत त्याच्या गळ्यात पडली, तसं बसच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "भेटून घ्या काका निवांत. मले काही घाई नाही."

परसरामला पोरीशी खूप काही बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं.



"चला, गाडी पुढे घ्या."