जुलैचं पान

"तोंडातून वाफ येतेय, मार्ला," लॉनी कॅमेऱ्यामागून ओरडला. "हे जुलैचं पान आहे. जुलैत कोणाच्या तोंडातून वाफ निघते?"

फेब्रुवारीची सकाळ. थंडी अशी, की थुंकीची जमिनीवर पडायच्या आत गोटी व्हावी. आणि मार्ला पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल आखूड चड्डीत, केस कुरळे करून, ओठ लालभडक रंगवून उभी. पूर्वी गॅरेजच्या भिंतींवर असली चित्रं टांगत. गावच्या अग्निशामक दलाला यंदा कॅलेंडर तसंच हवं होतं. मागे फक्त कोठाराची भिंत दिसावी म्हणून लॉनीने खालचा बर्फ खोऱ्याने ओढून काढला होता.

सासू आर्डिस सुनेचा कोट धरून उभी होती. तिने वळचणीला लोंबणारी बर्फाची एक काडी मोडली.

"ही तोंडात धरून चोख. तोंड गार असलं की वाफ दिसत नाही. हरणावर टपून बसताना माझा बाप हेच करायचा."

वाफ थांबली. मार्ला भिंतीपुढे उभ्या केलेल्या पिकअप ट्रकच्या बॉनेटवर टेकली आणि किंचाळून उठली. "कातडी चिकटतेय हो!"

"इंजिन थोडं चालवलं तर बॉनेट तापेल," लॉनी हळूच म्हणाला. आर्डिसकडे मात्र कोणीच बघेना.

ट्रक डेलचा, आर्डिसच्या मुलाचा. दोन वर्षांपूर्वी बायकोला आईच्या घरात ठेवून तो दुसरीबरोबर ॲरिझोनाला गेला. तेव्हापासून किल्ली आर्डिसच्या गळ्यात. हिवाळाभर इंजिन थिजू नये म्हणून ती रोज रात्री ट्रकला इंजिन ऊबदार ठेवणारी विजेची वायर लावायची. दर रविवारी चर्चहून आली की थोडा वेळ चालू करून ठेवायची. पोरगा आला की ट्रक एका झटक्यात सुरू व्हायला हवा. दुसऱ्या कोणाचं बोट लागू द्यायची नाही.

मार्लाचे गुडघे निळे पडले होते. तरी ती काही मागेना. दोन वर्षांत तिने काहीच मागितलं नव्हतं.

"लॉनी, तोंड तिकडे कर," आर्डिस म्हणाली.

तिने गळपट्टा सोडला, स्वेटरातून किल्लीची दोरी वर ओढली. "घे. जरा दाबून फिरव. मालकावर गेलाय, धसमुसळेपणा केल्याशिवाय हलत नाही."

मार्लाला हसू फुटलं. भसकन वाफ निघाली.

इंजिन धडधडलं. बॉनेटवरचा पांढरा थर वितळून ओघळला, खालचा निळा रंग वर आला. मार्ला चढून बसली, पाय दुमडले, ओठांचा चंबू केला.

"आता कसा जुलै आला!" लॉनी म्हणाला.

फोटो झाले. आर्डिसने सुनेच्या अंगावर कोट टाकला. मार्लाने इंजिन बंद करून किल्ली पुढे केली.

आर्डिसने दोन्ही हात खिशात खुपसले आणि घराकडे चालू लागली. पायरीवर पोचल्यावर मागे न बघताच म्हणाली,

"रात्री वायर लावायला विसरू नकोस. तुझा ट्रक थिजला, तर मला सांगत येऊ नकोस."