बर्फाची पेटी

"बाळाच्या दुधाची पेटी रोज विमानानं पाठव. सगळा खर्च फर्म देईल. आता तरी नाही म्हणू नकोस," दिल्लीच्या सुनावणीवर धाडताना देवस्थळी सर म्हणाले. नाही म्हणणाऱ्या वकीलबाईला पुढची केस मिळत नाही, हे मला ठाऊक होतं.

सुनावणी महिनाभर लांबली. जेवणाच्या सुट्टीत मी पंपानं दूध काढायचे, बर्फात ठेवायचे आणि पुण्याला पाठवायचे. फर्मनं खर्चाची एकही पावती नाकारली नाही. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "सगळं पितेय हो तुझी लेक. तू निर्धास्त राहा."

घरी पोचले तेव्हा सात महिन्यांची ओवी भुकेनं रडत होती. मी तिला छातीशी घेतलं. तिनं मान फिरवली, अंग ताठ केलं आणि किंचाळत ती सासूबाईंकडे झेपावली. त्यांनी ओशाळून बाटली तिच्या तोंडाला लावली. माझंच दूध ती गटागटा पिऊ लागली.

इतक्यात सरांचा फोन आला. "पेटीचे पैसे जमा झाले ना? सोमवारी परत दिल्लीला निघायचंय."

मी ओवीकडे बघत "हो सर" म्हणाले.

"मग पेटी धुऊन ठेवते," सासूबाई हळूच म्हणाल्या.