दुभाषी लेक

लेकीला तपासून डॉक्टरीणबाई चांगली पाच मिनिटं बोलल्या. लेकीच्या हातांनी ते दोन खुणांत उरकलं. अशक्तपणा. गोळ्या.

सुतार मुका-बहिरा होता, आंधळा नव्हता. एवढं लांबलचक बोलणं एवढंसं झालं, हे कळायला कान कशाला लागतात? सहाव्या वर्षापासून ही पोरच त्याचे कान झालेली. बँकेत तीच, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायलाही तीच. कुणी शिव्या दिल्या तर त्याही जशाच्या तशा हातांनी सांगायची, वर स्वतःच्या दोन घालायची. आता पंधरा वर्षांची झाली, पण शब्द म्हणून कधी गाळला नव्हता.

बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं. बोट मागे मागे सरकलं. एक पान उलटलं, मग आणखी एक. सुताराला आठवलं. लेकीच्या वेळी तिच्या आईपुढेही डॉक्टरांनी असंच कॅलेंडर उलटं चाळलं होतं. तेव्हा तो आनंदानं वेडा झाला होता.

"अजून काय म्हणाल्या?" त्यानं हातांनी विचारलं.

"एवढंच, बाबा. चला." तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर बाकापाशी त्यानं तिला थांबवलं. त्याला विचारायचं होतं, कोण तो? जबरदस्ती झाली का गं? सांगायचं होतं, मी रागावलेलो नाही, घाबरू नकोस. त्याचे हात वर आले आणि तसेच अधांतरी राहिले. घरात सगळ्याला खूण होती, अगदी शेजाऱ्याच्या वाकड्या मिशीलासुद्धा. ह्या गोष्टीलाच नव्हती. टीव्हीवर असलं काही दिसलं की तो पाणी प्यायला उठायचा. लेकीला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा तिनं भेदरून हातांनी काहीबाही विचारलं होतं. आईनं तिचे हात धरून खाली दाबले. तो समोरच फळीला रंधा मारत होता. त्यानं सगळं पाहिलं होतं, आणि रंधा मारतच राहिला होता.

लेक त्याच्या हातांकडे टक लावून बघत होती. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. बाबा काहीतरी विचारतील म्हणून थांबली होती बिचारी.

"भूक लागलीय?" सुताराच्या हातांनी विचारलं.

तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग आपले दोन्ही हात खिशात खोल कोंबले.